दहा मिनिटं आणि तीन महिने

नसबंदी करून घेतलेला पुरुष दवाखान्यातून घरी निघतो तेव्हा त्याच्या खिशात दोन गोष्टी असायला हव्यात: निरोधची पाकिटं आणि तीन महिन्यांनंतरची एक तारीख. सोलापुरात या विषयावर पुरुषांशी बोलायला बसलं की पहिले प्रश्न कापण्याचे असतात. किती कापतात, किती दुखतं, कामावर कधी जाता येतं. हे प्रश्न साहजिक आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे येतीलच. पण या ऑपरेशनात माणसाचा घात सुरीपाशी फार क्वचित होतो. तो होतो त्या तारखेपाशी. म्हणून आधी तारखेविषयी.

शुक्राणू वृषणात तयार होतात आणि दोन बाजूंच्या दोन बारीक नळ्यांतून, शुक्रवाहिन्यांतून, वर जातात. नसबंदीत या दोन नळ्या कापून बांधतात. वाट त्याच दिवशी बंद होते. पण बांधलेल्या जागेच्या पुढे जे शुक्राणू आधीच जाऊन पोचलेले असतात, ते तिथंच असतात. विहिरीवरची मोटर बंद केली तरी पाइपातलं पाणी थोडा वेळ येत राहतं, तसंच हे. ते पूर्ण संपायला साधारण तीन महिने लागतात. तोवर पुरुषापासून गर्भ राहू शकतो, आणि निरोध किंवा दुसरं साधन वापरावंच लागतं. तीन महिन्यांनी वीर्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्यात एकही शुक्राणू नाही असं दिसलं की नसबंदी झाल्याचं प्रमाणपत्र मिळतं. शुक्राणू दिसले तर दर महिन्याला पुन्हा तपासणी, आणि सहा महिन्यांनंतरही ते दिसतच राहिले तर ऑपरेशन फसलं असं धरून पुढचा विचार.

ही तपासणी चुकवणारे पुरुष पुष्कळ. जखम भरलेली असते, काही दुखत नसतं, रोज बुडवून पुन्हा दवाखान्यात कशाला जायचं? शिवाय बाटलीत नमुना द्यायची लाज. प्रयोगशाळेतल्या माणसासमोर ती बाटली धरणं ऑपरेशनपेक्षा जड जातं. ही अडचण खरी आहे आणि तिला हसण्यासारखं काही नाही. पण न गेलेल्या तपासणीची किंमत पुरुष भरत नाही. सहाव्या-आठव्या महिन्यात बायकोला दिवस जातात, नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं सगळ्या घराला ठाऊक असतं, आणि बोट तिच्याकडे वळतं. तिनं काही केलेलं नसतं. केलेलं नसतं ते त्यानं: एका बाटलीची तपासणी.

आकड्यांत सांगायचं तर नसबंदीनंतर पहिल्या वर्षात हजार जोडप्यांत एखाद-दुसऱ्या जोडप्याला गर्भ राहतो. तपासणीत शून्य निघाल्यानंतरही, कापलेल्या नळ्यांची टोकं आपोआप जुळून, साधारण दोन हजारांत एखादं अपयश येतं. कमी आहे, पण शून्य नाही. म्हणून नसबंदी झालेल्या माणसाच्या घरी पुन्हा पाळणा हलायची चाहूल लागली, तर पहिली तपासणी त्याच्या वीर्याची व्हायला हवी. बायकोची उलटतपासणी नव्हे. ऑपरेशनच्या आधी दोघांना एकत्र बसवून ही गोष्ट सांगणं डॉक्टरचं काम आहे. त्यांनी सांगितली नाही तर आपण विचारावी. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली पंजाब सरकार विरुद्ध शिव राम या खटल्यात म्हटलं आहे की नसबंदी अयशस्वी झाली एवढ्यावरून डॉक्टरचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. म्हणजे थोडासा अंश निसर्गाच्या हाती उरतो, हे कायद्यानंही गृहीत धरलेलं आहे. घरानं ते धरून चालायला काय हरकत आहे?

आता सुरीकडे. खरं तर आज सुरी नाहीच. सरकारी दवाखान्यात जिला बिनटाक्याची नसबंदी म्हणतात, ती पद्धत चीनच्या सिच्वान प्रांतात ली शुनच्यांग या डॉक्टरांनी १९७४ साली बसवली. सोलापूरकराला इथं डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवल्याशिवाय राहत नाहीत. भैया चौकातल्या घरातला हा मुलगा १९३८ साली चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला आणि १९४२ साली तिथंच गेला. त्या देशातली ही एक साधी कसबी पद्धत पुढं आपल्या गावोगावच्या आरोग्य केंद्रांत आली, हा धागा मला मोलाचा वाटतो. पद्धत अशी: अंडकोशाच्या मधोमध भूल देणारं इंजेक्शन देतात. टोकदार चिमट्यानं कातडीला एक बारीक छिद्र पाडतात. त्यातूनच आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूची नळी बाहेर घेऊन बांधतात. छिद्र आपोआप मिटतं, टाका घालावा लागत नाही. सारं दहा-वीस मिनिटांत होतं. माणूस जागा असतो, थोडा वेळ पडून राहून चालत घरी जातो. थायलंडमध्ये १९८७ साली तिथल्या राजाच्या वाढदिवशी एकाच दिवसात हजारावर पुरुषांची नसबंदी झाली. काहींची जुन्या पद्धतीनं, काहींची या नव्या. जुन्या पद्धतीत शंभरात तीन जणांना त्रास झाला, नव्या पद्धतीत अडीचशेत एकाला.

इंजेक्शनची सुई टोचते तेवढं दुखतं, आणि नळी ओढली जाते तेव्हा ओटीपोटात कळ गेल्यासारखं होतं. भूल उतरली की एक-दोन दिवस ठणका राहतो. पहिले दोन दिवस घरी विश्रांती घ्यावी, लंगोट किंवा घट्ट चड्डी वापरावी म्हणजे आधार मिळतो. आठवडाभर जड उचलणं आणि सायकल टाळावी. सोलापूरसाठी या शेवटच्या वाक्याला फार अर्थ आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहणारा कामगार, चादरी-टॉवेलचे गठ्ठे वाहणारा हमाल, मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलणारा माथाडी, यांना ‘दोन दिवसांनी कामावर जा’ असं मोघम सांगून भागत नाही. मागावर उभं राहणं तीन-चार दिवसांत जमेल. गठ्ठा उचलणं आठवड्याच्या आत नको. ऑपरेशनसाठी येणाऱ्या माणसाला आधी त्याचं काम कोणतं ते विचारलं पाहिजे, आणि विचारलं नाही तर त्यानंच ते सांगितलं पाहिजे.

आणखीही काही गोष्टी आपण होऊन सांगायच्या असतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेह आहे का, कधी भुलेच्या इंजेक्शनची रिॲक्शन आली होती का, हर्नियाचं ऑपरेशन झालं आहे का. आणि अंडकोशात पाणी झालं आहे का. ही शेवटची गोष्ट आपल्या भागात दुर्लक्षून चालणार नाही, कारण हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत सोलापूरचं नाव राहिलं आहे आणि या रोगात अंडवृद्धी होते. लाजेनं ती झाकून ठेवलेला माणूस नसबंदीच्या टेबलावर चढला तर त्याचं आणि डॉक्टरचं दोघांचं काम अवघड होतं. आधी त्याचा उपचार, मग नसबंदी.

घरी गेल्यावर थोडं काळंनिळं पडणं, किंचित सूज, हे चालायचंच. पण सूज वाढत गेली, ताप आला, पू किंवा रक्त येऊ लागलं, तर वाट न बघता परत जावं. आणि एक गोष्ट प्रचाराच्या पत्रकांत सहसा नसते, म्हणून ती इथं स्पष्ट लिहितो. शंभरात एक-दोन पुरुषांना अंडकोशातलं दुखणं महिनोन् महिने राहतं, रोजच्या जगण्यात जाणवेल इतकं. बहुतेकांचं औषधांनी आटोक्यात येतं, क्वचित कुणाला पुन्हा ऑपरेशन लागतं. हे लपवून ठेवल्यानं लोक पुढे येतील असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी मुळीच सहमत नाही. एका गल्लीत एका माणसाचं दुखणं राहिलं आणि त्याला आधी कुणी सांगितलेलं नव्हतं, तर त्या गल्लीतून पुढची दहा वर्षं कुणी येत नाही. सांगितलेलं असतं तर तोच माणूस म्हणाला असता, हो, मला ठाऊक होतं, दवाखान्यात दाखवतोय.

ताकदीचा प्रश्न सगळ्यांत जुना. ‘धातू’ म्हणजे शरीराचं सार, ते अडवलं की माणूस खचतो, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. ती धरून बसलेल्या माणसाला अडाणी म्हणून उपयोग नाही. त्याला आतली रचना सांगितली पाहिजे. बाहेर येणाऱ्या वीर्यातला बहुतेक भाग शुक्राणूंचा नसतोच. तो पुरःस्थ ग्रंथी आणि वीर्यकोशांत तयार होतो, आणि या दोन्ही जागा बांधलेल्या नळीच्या पुढे आहेत. शुक्राणूंचा वाटा शंभरात पाचाहूनही कमी. म्हणून ऑपरेशननंतर वीर्य पूर्वीसारखंच येतं, डोळ्यांना फरक कळत नाही. पुरुषत्वाचं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वृषणातून थेट रक्तात मिसळतं, त्याला या नळीची गरजच नाही. दाढी-मिशा, आवाज, इच्छा, ताठरता, मागावर उभं राहायचं बळ, सगळं जिथल्या तिथं. तयार होणारे शुक्राणू शरीर स्वतःच शोषून घेतं. खच्चीकरण आणि नसबंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैलाचं जे करतात ते हे नव्हे. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाबद्दल मधून मधून बातम्या येतात. अनेक देशांत झालेल्या मोठ्या पाहण्यांत नसबंदीमुळे तो होतो असा कार्यकारण संबंध सिद्ध झालेला नाही. आणि गुप्तरोग किंवा एचआयव्हीपासून मात्र नसबंदी कसलंच संरक्षण देत नाही. तिथं निरोधच.

पण ताकदीच्या भीतीला फक्त गैरसमज म्हणून मोकळं होणं, निदान सोलापूर जिल्ह्यात, प्रामाणिकपणाचं होणार नाही. या भीतीचा एक पत्ता बार्शी आहे.

१९७६चा जानेवारी, आणीबाणीचे दिवस. बार्शीत दहा दिवसांची नसबंदी मोहीम लागली, हजार शस्त्रक्रियांचं उद्दिष्ट होतं. आपण होऊन माणसं येईनात तेव्हा कामाला, बाजाराला गावात आलेल्या शेतकऱ्यांना रस्त्यावरून ओढून नगरपालिकेच्या कचऱ्याच्या ट्रकांत घातलं गेलं आणि त्यांची नसबंदी केली गेली. आणीबाणीतल्या सक्तीवर पुढं जे लिहिलं गेलं त्यात बार्शीचं नाव वारंवार येतं. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं ते कायदा झालं नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ब्याऐंशी लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे बासष्ट लाख पुरुषांच्या. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे या शस्त्रक्रियांशी जोडलेल्या १,७७४ मृत्यूंची नोंद आली. पुढच्या वर्षी एकूण आकडा दहा लाखांच्या आत घसरला, आणि पुरुष त्या रांगेतून जे बाहेर पडले ते आजवर परत आलेले नाहीत.

हे आठवायचं कारण असं की त्याआधी चित्र उलटं होतं. साठच्या दशकाच्या अखेरीस देशात होणाऱ्या दहा नसबंद्यांपैकी आठ-नऊ पुरुषांच्या असत. पुरुष तयारच होत नाहीत, हे वाक्य आज आरोग्य खात्यातही सहज ऐकू येतं. ते इतिहासाला धरून नाही. ज्या मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, ज्या महाराष्ट्रात शकुंतला परांजपे आयुष्यभर हा विषय घेऊन उभ्या राहिल्या, तिथं पुरुषांशी समजावून बोलण्याची परंपरा होती. ती ट्रकनं मोडली. माणसाचा विश्वास एकदा मोडला की तो अविश्वास नातवापर्यंत पोचतो. म्हणून आज कुणी पुरुष आशाताईंना ‘आधी सगळं सांगा’ म्हणाला तर तो टाळाटाळ करतोय असं समजू नये. तो त्याचा हक्क बजावतो आहे.

पुरुष बाहेर पडले, पण उद्दिष्टं राहिली. ती बायकांच्या अंगावर गेली. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, आणि ज्यांच्या नवऱ्याची झाली आहे अशा ०.३ टक्के. महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण जवळजवळ निम्मं, पुरुषांचं अर्ध्या टक्क्याच्याही आत. सोलापुरात तर ‘ऑपरेशन झालं का’ हा प्रश्न बाईलाच विचारायचा असतो, हे इतकं ठरलेलं आहे की ‘कुणाचं’ हा शब्द त्यात नसतोच. दुसरं बाळंतपण झालं की टाक्याचं किंवा दुर्बिणीचं. बहुतेकींचं पंचविशीच्या सुमारासच. त्यांतली कितीतरी विडी कामगार: घरी सुपात पानं-तंबाखू घेऊन दिवसाला शेकड्यांनी विड्या वळायच्या, बाळ मांडीशी, आणि पोटाला टाके. तिचं ऑपरेशन पोटाच्या पोकळीतलं, त्याचं कातडीच्या खालचं. तिच्या ऑपरेशनात धोका जास्त, अपयशही थोडं जास्त, बरं व्हायला दिवस जास्त. २०१४च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडातल्या बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत त्र्याऐंशी बायकांची ऑपरेशनं झाली आणि तेराजणी गेल्या. त्यानंतर २०१६ साली देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. न्यूझीलंड, कॅनडा आणि शेजारचा भूतान या देशांत पुरुषांची नसबंदी बायकांच्या बरोबरीची किंवा जास्त आहे. आपल्याच राज्यात गडचिरोलीत पुरुष पुढे येतात. म्हणजे हे होऊ शकतं.

तरी पुरुषानं बायकोवर उपकार म्हणून किंवा कुणाच्या दबावाखाली टेबलावर चढू नये, कारण ही वाट परतीची नाही असंच समजून चालावं. नळ्या पुन्हा जोडता येतात, पण ती सूक्ष्मदर्शकाखालची, कौशल्याची, खर्चाची शस्त्रक्रिया आहे, आणि यश काळाबरोबर घटतं. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांच्या आत जोडणी केलेल्यांपैकी ७६ टक्के जोडप्यांना गर्भ राहिला. पंधरा वर्षांनंतर जोडलेल्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. मूल दगावणं, घटस्फोट, दुसरं लग्न या गोष्टींचा विचार अभद्र वाटतो, पण तो आधीच करायचा असतो. धाकटं मूल अजून अंगावर पीत असेल, घरात भांडण पेटलेलं असेल, नोकरी नुकतीच गेली असेल, तर थांबावं. तांबी आहे, निरोध आहे, इंजेक्शन आहे. वर्ष-दोन वर्षं सहज काढता येतात. मनात थोडीही कुरकुर असेल तर आज नको, हे मी कुणालाही सांगेन.

सरकारी नियम थोडक्यात असे. पुरुष विवाहित असावा, वय साठच्या आत, किमान एक मूल आणि ते वर्षापेक्षा मोठं, आणि नवरा-बायकोपैकी कुणाचीच आधी नसबंदी झालेली नसावी. बायकोची सही कायद्यानं लागत नाही. लागत नाही म्हणून तिला न सांगता करावं असा मात्र याचा अर्थ नाही. संमतिपत्र आपल्याला कळणाऱ्या भाषेत वाचून घ्यावं. सोलापूरसारख्या शहरात, जिथं घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू आणि बाहेर मराठी बोललं जातं, तिथं ‘मला माझ्या भाषेत समजावून सांगा’ असं म्हणायला संकोच करू नये. टेबलावर चढेपर्यंत नाही म्हणता येतं, आणि नाही म्हटल्यानं दवाखान्यातली दुसरी कुठलीही सोय बंद होत नाही. शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात फुकट होते. पुरुषाला बुडालेल्या रोजापोटी केंद्राचे अकराशे आणि राज्याचे ३५१ मिळून १,४५१ रुपये देण्याची पद्धत महाराष्ट्रात राहिली आहे. ही रक्कम बदलू शकते, म्हणून आशाताईंना विचारून घ्यावी. अपयश आलं किंवा गुंतागुंत झाली तर भरपाईची सरकारी योजना आहे. तिच्यासाठी कागद लागतात: संमतिपत्राची प्रत, शस्त्रक्रियेची नोंद, आणि पुन्हा तेच, तपासणीचा अहवाल. खासगी दवाखान्यात केलं तरी हे सगळे कागद मागून घ्यावेत. डॉक्टरांना बिनटाक्याच्या पद्धतीचं प्रशिक्षण आहे का, हेही विचारावं. त्यात अपमान होण्यासारखं काही नाही.

दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हा पुरुष नसबंदीचा पंधरवडा असतो. त्या दिवसांत दवाखान्यातली माणसं या कामासाठी तयार असतात आणि शंका विचारायला वेळही मिळतो. मात्र पंधरवडा सरकारचा आहे, घाई आपली नसावी. जुलैत मन तयार झालं तर जुलैत जावं. कारखान्याच्या सुट्टीला जोडून दिवस धरला तर रोज कमी बुडतो. पंधरवड्यात केलं तर तीन महिने फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या पहिल्या दिवसांत भरतात. मधे सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा होऊन जाते, पाहुणे येऊन जातात, हिवाळा सरतो, आणि असलं काही झालं होतं हे माणूस विसरून जातो. भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या दिवसाभोवती आधीच पेनानं गोल करून ठेवावा. दूध-गॅसच्या खुणा असतात तिथंच, बायकोलाही दिसेल असा.